ग्रामर ब्युटी पार्लर

मी पेंटर. म्हणजे चित्रंबित्रं काढणारा नाही, दुकानांचे बोर्ड रंगवणारा. एकतीस वर्षं झाली. आमच्या भागात दुकानांच्या डोक्यावर जेवढं म्हणून लिहिलेलं आहे त्यातलं निम्मं माझ्या हातचं आहे, आणि त्या निम्म्यातलं निम्मं चुकलेलं आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही. पण फार लाजून सांगतोय असंही समजू नका. बायको म्हणते, तुमच्यात लाजेचा स्क्रू बसवायचाच राहून गेलाय.

इंग्रजी माझं पहिल्यापासून दिव्य. शाळेत त्या विषयात तीनदा आपटलो. चौथ्यांदा सरांनी पास केलं ते माझ्या अक्षराकडे बघून. "याला काही येत नाही, पण काय सुरेख येत नाही!" असं ते वर्गात म्हणाले होते. घरी येऊन मी त्यातला 'सुरेख' एवढाच शब्द सांगितला.

आणि अक्षर खरंच सुरेख आहे हो. एस असा काढतो की बघणाऱ्यानं बघत राहावं. पण गोम अशी की मी अक्षरं वाचत नाही, काढतो. एस काढताना मला फक्त एस दिसतो. त्याच्या शेजारी कोण उभं आहे, त्याचा पुढच्याशी काय संबंध, असल्या चौकशा मी करत नाही. त्यामुळे दूधवाल्याच्या बोर्डावर ए आणि आय यांनी आपापसात जागा बदलल्या आणि डेअरीची डायरी झाली. शाळा उघडायच्या आठवड्यात लोक त्याच्याकडे वह्या मागायला आले. शिंप्याच्या बोर्डावर शेवटच्या टी आणि एसच्या मध्ये एक ई जास्तीचा पडला. मास्तर म्हणाले, "पेंटर, हे आता जेन्ट्स सूट्स नाही राहिलं, जेन्ट्स स्वीट्स झालं." शिंपी माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. माझी पँट मात्र त्यानंच शिवली, आणि सूड म्हणून आखूड शिवली.

हे मास्तर म्हणजे माझ्या शेडच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीची शिकवणी घेणारे. त्यांना शब्दांच्या मुळांचं भारी वेड. शब्द दिसला रे दिसला की तो कुठला, कुणाचा कोण, आधी काय करत होता, अशी चौकशी सुरू, सोयरीक जुळवायला आल्यासारखी. संध्याकाळी शिकवणी सुटली की खाली येऊन माझ्या स्टुलावर बसायचे आणि एकेक शब्द उलगडायचे. मी कान टवकारून ऐकायचो. शिकायचं होतं म्हणून नव्हे. मला त्यात एक ढाल सापडली होती.

दूधवाला तणतणत आला तेव्हा मी शांतपणे म्हटलं, "अहो, रागावता कशाला? डेअरी हा शब्द मुळात दुधाचा नव्हेच. पूर्वी तिकडे विलायतेत घरात कणीक मळायला बाई असायची, तिच्यासाठी जो शब्द होता त्यावरून तो आलाय. पुढे दुधाचं काम तिच्याच गळ्यात पडलं. आणि लेडीसुद्धा त्यातलीच बरं का. लेडी म्हणजे कणीक मळणारी!"

दूधवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं. आता ते ए आणि आय सरळ करा."

लोकांना ज्ञानाची चाड म्हणून राहिली नाही. पण तेव्हापासून माझी रीतच ठरून गेली. चूक झाली की माफी मागायची नाही, मूळ सांगायचं. समोरचा एक तर गप्प होतो नाही तर निघून जातो. पडलो तरी नाक वर.

आता माझ्या बहिणीचं सांगतो. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमच्या रस्त्यावर एक जुनं ब्युटी पार्लर आहे, तिथे तिनं बावीस वर्षं काढली. सकाळी फरशी झाडायची, वॅक्स गरम ठेवायचं, दिवसभर उभं राहून थ्रेडिंग करायचं, संध्याकाळी पुन्हा केस झाडून कुलूप लावायचं. तिचा हात असा हलका, की निम्म्या बायका दारातूनच विचारायच्या, "त्या ताई आहेत का? नसतील तर उद्या येते." मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. कुणी नवीन आलं की मॅडम ताईकडे बोट करून म्हणायच्या, "ही आमच्याकडची मुलगी." ही मुलगी पन्नाशीला टेकली होती.

आणि मग एक दिवस ताईनं समोरच्या बाजूला, किल्लीवाला आणि फोटो स्टुडिओ यांच्या मधला गाळा घेतला. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, एक बेसिन. रविवारी अकरा वाजता उद्घाटन. बोलावणं तिनं स्वतः मॅडमना जाऊन दिलं. मला म्हणाली, "बाकी कुणी आलं नाही तरी चालेल रे. मॅडमनी एकदा यायला हवं, आणि मान वर करून बोर्ड वाचायला हवा. मी आता कुणाकडची मुलगी नाही, हे त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी बघायचं."

बोर्डाचीही एक गोष्ट झालेली. फ्लेक्सवाल्याची बायको ताईची जुनी गिऱ्हाईक. तो म्हणाला, फ्लेक्स मी करून देतो, भेट म्हणून. चकचकीत, फोटोसकट. हल्ली सगळे त्याच्याकडेच जातात. माझ्याकडे आता ज्यांना आठवण येते तेच येतात. ताई त्याला म्हणाली, "नको. माझा बोर्ड माझ्या भावाच्या हातचा असणार." हे मला फ्लेक्सवाल्यानंच सांगितलं, जरा कुत्सितपणे. मी दोन दिवस छाती फुगवून हिंडलो.

नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांनी शिकवणीचा नवीन बोर्ड टाकला. ग्रामर इंग्लिश क्लासेस. आणि ताईचं ग्लॅमर ब्युटी पार्लर. माझ्याकडे गुलाबी रंगाचा एक डबा शिल्लक होता, म्हणून दोन्ही बोर्डांना पाठीमागे गुलाबीच दिला. मास्तरांना गुलाबी कसा चालेल, असा विचार जो माणूस करतो तो मी नव्हे. आधी दोन्हीकडच्या बारीक ओळी उरकल्या. इकडे ब्युटी पार्लर, तिकडे इंग्लिश क्लासेस. मग मोठे शब्द. दोघांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात होत्या, पण रंगानं भरलेला हात खिशात कोण घालणार? शब्द मला डोळ्यांपुढे दिसत होते. दोन्हींची सुरुवात जीनं, दोन्हींचा शेवट आरनं, आणि दोन्हीत बरोब्बर सात अक्षरं. मोजली होती मी! मोजण्यात माझा हात कुणी धरू नये. मोठ्या ऐटीत दोन्ही शब्द काढले, खाली सावली दिली, कडेला सोनेरी रेघ मारली, आणि बोर्ड कापडात गुंडाळून ठेवून दिले.

रविवारी अकरा वाजता रस्ता भरला होता. ताई नवी साडी नेसून दारात उभी. मॅडम आल्या, गॉगल कपाळावर चढवून. ताईनं कापडाची दोरी त्यांच्याच हातात दिली. मॅडमनी दोरी ओढली, मान वर केली आणि मोठ्यांदा वाचलं, "ग्रामर ब्युटी पार्लर."

मग मॅडमच म्हणाल्या, "अगं, इथे भुवया कोरणार की व्याकरण शिकवणार?"

झालं! किल्लीवाला हसला, फोटोवाला हसला, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटोही काढला. मी कुठे बघू, काय करू, मला कळेना, म्हणून मीही थोडा हसलो. ते हसणं आठवलं की अजूनही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ताई हसली नाही. तिनं बोर्ड वरपासून खालपर्यंत नीट बघितला. मग मला विचारलं, "चिठ्ठी वाचली होतीस?"

"वाचली म्हणजे... बघितली होती."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. एवढं काय मनाला लावून घेतेस? आणि नाहीच जमलं तर परत ये हो. तुझी खुर्ची मी काही कुणाला दिलेली नाही."

मॅडम तसं वाईट बोलल्या नव्हत्या. पण ताईचा चेहरा असा उतरला की बघवेना. आणि अशा वेळी मी काय करावं? मी म्हटलं, पंखा जोरात होता. मग म्हटलं, तुझं अक्षर लागत नाही. मग म्हटलं, गुलाबी रंगावर डोळे दिपतात. मग म्हटलं, दोन्हीत सात-सात अक्षरं, माणूस फसणारच! नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी एकेक अंगण वाकडं करत गेलो. माझं चौथं अंगण संपायच्या आत ताई आत जाऊन आरसा पुसायला लागली होती.

सोमवारी सकाळी मास्तर जिन्यावरून धावतच खाली आले. मला वाटलं, आता हे गळा धरणार. कारण वर लागलं होतं ग्लॅमर इंग्लिश क्लासेस. पण मास्तरांचा चेहरा फुललेला. म्हणाले, "पेंटर, कालपासून अकरा नवीन नावं आली! एकवीस वर्षांत एका दिवसात अकरा कधी आली नव्हती. त्या बोर्डाला हात लावलात तर याद राखा." आणि मग स्टुलावर बसून त्यांनी ते सांगितलं. ते ऐकून मला आकाश ठेंगणं झालं.

म्हणाले, "ग्लॅमर हा शब्द ग्रामरमधूनच निघालाय. जुन्या काळी तिकडे लिहिता-वाचता येणारी माणसं मोजकी. ज्याला ग्रामर येतं त्याला जादूटोणाही येत असणार, असं बाकीच्यांना वाटायचं. तिकडे विलायतेच्या उत्तरेला लोकांच्या तोंडी ग्रामरचं ग्लॅमर झालं, आणि त्याचा अर्थ झाला जादू, डोळ्यांवर पडलेली भुरळ. अहो, स्पेलिंगमधला स्पेल आणि मंत्राला म्हणतात तो स्पेल, यांचंही मूळ एकच."

म्हणजे मी चुकलोच नव्हतो! मी फक्त शब्दाला त्याच्या माहेरी नेऊन सोडलं होतं. मी ब्रश तसाच टाकला आणि धावत ताईच्या दुकानात गेलो. एका बाईच्या तोंडाला लेप लावलेला, दुसरी रांगेत बसलेली. मी दारातच भाषण सुरू केलं. ग्रामर, ग्लॅमर, जादू, भुरळ, उत्तरेकडचे लोक, सगळं. वर लेडी म्हणजे कणीक मळणारी हेही सांगून टाकलं, कारण काचेवर 'ओन्ली लेडीज' लिहिलेलं दिसलं.

लेपवाली बाई लेपाच्या आतून म्हणाली, "कणीक मळायचा कंटाळा आला म्हणून तर इथे येऊन बसते मी."

ताईनं हात पुसले. "म्हणजे तुझं बरोबर."

"बरोबर असं नाही गं, पण मुळात बघायला गेलं तर..."

"मुळात!" ताई म्हणाली. फक्त एवढंच, पण मी एक पाऊल मागे सरकलो. "सकाळपासून सातजणी फोटो काढून गेल्या आणि त्यातली एकही आत आली नाही. त्यांना सांगते मी मुळात काय ते. तू नीघ. उद्या दहाला फ्लेक्सवाला माप घ्यायला येतोय."

मी शेडमध्ये परत कसा आलो ते आठवत नाही. फ्लेक्सवाला! एकतीस वर्षांत बोर्ड कितीजणांनी बदलून घेतले, मला त्याचं काही वाटलं नाही. पण ताईनं? जिनं फुकटचा फ्लेक्स नाकारून त्याच फ्लेक्सवाल्याच्या तोंडावर माझं नाव घेतलं होतं, तिनं? मला रडू आलं. हो, आलं, त्यात काय लपवायचं! टर्पेंटाइन डोळ्यात गेलं असं मी मास्तरांना सांगितलं आणि त्यांनी ते मानल्यासारखं केलं.

घरी बायको म्हणाली, "एक सॉरी म्हणायला तुमचं काय जातं हो? तोंड झिजतं?"

आता कोणीही शहाणा माणूस हे ऐकून काय करील? उठून बहिणीकडे जाईल. मी उठून मास्तरांकडे गेलो आणि सॉरीचं मूळ विचारून आलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण ज्यानं पहिल्यांदा केली त्यानं मला कुठेतरी बघितलं असणार.

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी ताईच्या दारात. हातात गुलाबी, काळा आणि सोनेरी रंगाचे डबे, खांद्यावर शिडी, अंगात कामाचा शर्ट. ताई एका म्हाताऱ्या बाईंचं थ्रेडिंग करत होती. दोऱ्याचं एक टोक तिनं दातात धरलेलं. तिनं मला आरशात बघितलं, पण दोरा काही सोडला नाही. ती बोलू शकत नव्हती. म्हटलं, हीच वेळ आहे.

"ताई, सॉरी हा शब्द मुळात..."

ताईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हाताऱ्या बाईंनीही एक डोळा उघडून बघितलं.

"...मुळात दुखण्यावरून आलाय," मी रेटलं. "सोअर म्हणजे ठणकणं. सॉरो म्हणजे दुःख, त्याच्याशी नातं लोकांनी पुढे जोडलं. मुळात ते..."

ताईनं दातातला दोरा काढला. "तुझं मूळ राहू दे. नुसतं म्हण."

केवढंसं ते वाक्य! पण मी तेवढंही कधी कुणाला बोललो नव्हतो. दूधवाल्याला नाही, शिंप्याला नाही, बायकोला तर नाहीच नाही.

"चुकलं माझं, ताई."

मला वाटलं आता सुटलो. पण ताई म्हणाली, "काय चुकलं?"

"ग्लॅमरच्या जागी ग्रामर काढलं."

"ते नाही."

ते नाही? मी बाहेर डोकावून बोर्ड बघितला. पार्लरचं स्पेलिंग बघितलं, ब्युटीचं बघितलं. नवल म्हणजे दोन्ही बरोबर होती.

"माझी चिठ्ठी आहे?" ताईनं विचारलं.

ती खिशातच होती, मास्तरांच्या चिठ्ठीला रंगानं चिकटलेली. मी ती सोडवली.

"वाच. काढू नकोस, वाच."

मी बोट ठेवून वाचलं, "ग्लॅमर ब्युटी पार्लर."

"खाली."

खाली आणखी एक ओळ होती. प्रोप्रायटर, आणि पुढे ताईचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट, तिच्या त्या गोल अक्षरात, आधी पेन्सिलनं लिहून मग पेननं गिरवलेलं.

मला सगळं आठवलं. ही ओळ मी बघितली होती. वरचा शब्द मोठा काढायचा, तर खाली जेमतेम एक पट्टा उरत होता. आणि मी मनात म्हटलं होतं, बहिणीचंच तर दुकान आहे, नाव कशाला घालायला हवं, सगळे ओळखतातच की तिला. ग्रामर माझ्या हातून चुकून झालं होतं. हे मात्र मी ठरवून केलं होतं.

"लोक हसले ते हसू देत," ताई म्हणाली. "ग्रामर काय नि ग्लॅमर काय, मला कुठे इंग्रजी येतं? बावीस वर्षं रोज सकाळी बोर्डावर मॅडमचं नाव वाचून आत गेले मी. एकदा माझं बघायचं होतं मला बाहेर लिहिलेलं. आणि तेही परक्याच्या हातचं नाही, तुझ्या हातचं बघायचं होतं. मॅडमनी दोरी ओढली तेव्हा मी वर बघितलंच नाही रे. आधी खालीच बघितलं."

म्हाताऱ्या बाई अर्धी भुवई घेऊन आरशातून आमच्याकडे बघत होत्या. माझ्याकडे सांगायला कुठल्याही शब्दाचं कुठलंही मूळ नव्हतं.

तेवढ्यात फ्लेक्सवाला माप घ्यायची टेप घेऊन दारात आला. मी त्याला म्हटलं, "जरा शिडी धर." त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. टेप खिशात घातली आणि शिडी धरली.

मी वर चढलो. सोनेरी रेघेच्या आतला खालचा पट्टा गुलाबीनं सारखा केला. वाळेपर्यंत तसाच वर थांबलो, खाली उतरायला धीर होत नव्हता. ताई दारात आली. तिच्यामागे म्हाताऱ्या बाई, गळ्याला टॉवेल तसाच. समोरच्या पार्लरच्या दारात मॅडम उभ्या होत्या.

"आणि वरचं?" मी विचारलं.

"ते कर सावकाश. आधी हे."

मी चिठ्ठी शिडीच्या पायरीला चिकटवली, ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि मग, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, गिऱ्हाइकाला विचारलं, "स्पेलिंग सांग."

ताईनं एकेक अक्षर सांगितलं. मोठ्यांदा, रस्त्यावर ऐकू जाईल असं. मी एकेक अक्षर तिला परत म्हणून दाखवायचो, ती "हं" म्हणायची, मग मी काढायचो. नाव संपलं असं समजून मी आडनावासाठी जागा सोडायला लागलो.

"थांब," ताई खालून म्हणाली. "शेवटी एच आहे. मॅडमनी बावीस वर्षांत पगाराच्या वहीत एकदाही घातला नाही."

"मलाही माहीत नव्हता गं," मी म्हटलं, आणि घातला.